नकाशातला उतार

विमलताईंच्या घराची नवी मोरी आणि संडास बांधून झाला आणि घोडं अडलं ते सांडपाण्याच्या पाइपावर. नगरपालिकेच्या दाभाडे साहेबांनी आपल्या हाताने नकाशा काढला होता. त्यात पाइप घरामागच्या चढाकडे जात होता. रंजना प्लंबरने मात्र चर खणला होता पुढच्या अंगणात, उताराकडे.

साहेब तपासणीला आले. अंगणाच्या टोकाला आंब्याच्या सावलीत खुर्ची टाकून, नवे पांढरे बूट पसरून बसले आणि गरजले, "हा चर बुजव. नकाशाप्रमाणे पाइप टाक, नाहीतर या घराला दाखला नाही!"

"साहेब, मागे चढ आहे. सगळी घाण उलटी घरात येईल."

"नकाशावर माझी सही आहे. आता बाईमाणसाने मला उतार शिकवायचा?"

"रंजना, जाऊ दे गं," विमलताई काकुळतीला आल्या.

पण रंजना कसली जाऊ देते! वीस वर्षं गावाची तुंबलेली गटारं उपसलेली बाई ती. तिने अर्धी बादली पाणी आणलं आणि साहेबांच्या समोर, जरा वरच्या बाजूला उभी राहिली.

"बरं साहेब. तुमच्या नकाशाप्रमाणे हे पाणी मागे चढणार. तेव्हा तुम्ही निवांत बसा."

तिने बादली कलती केली मात्र, साहेबांचे दोन्ही बूट खुर्चीवर!

रंजनाने बादली सरळ केली. एक थेंबसुद्धा सांडला नव्हता.

"साहेब, तुमच्या पायांना उतार बरोबर कळतो," ती म्हणाली. "आता तेवढं सही करणाऱ्या हातालाही सांगा."