तळ्याचं सातवं बूच

एका मोठ्या तळ्याच्या बांधाखाली एक गाव होतं, सावरटोला त्याचं नाव. सकाळी तळ्यावरून धुकं उठायचं, घराघरात डोकावायचं आणि चुली पेटल्या की निमूट परत पाण्यावर जाऊन निजायचं. कमळं तर इतकी, की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं हे बगळ्यांनाही कळू नये.

बांधाला लागून, तळ्यातच, विटांची एक अरुंद विहीर होती. तिच्या भिंतीत एकाखाली एक अशी सात भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडाचं बूच. बूच काढलं की तळ्याचं पाणी विहिरीत यायचं आणि बांधाखालून धानाच्या बांध्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, उतरायचं. नियम एकच होता. वरचं बूच आधी. पाणी उतरलं की त्याच्या खालचं. सातवं, अगदी तळाचं, आश्विनात, धानात दाणा भरतो तेव्हा. घाई करून कुणी तळाचं बूच आधी काढलं असतं, तर बांधाचं पोटच फुटलं असतं. आणि हे काम होतं केजाबाईच्या घरच्या सुनेचं. लेकुरवाळीच्या हातचं पाणी धानाला मानवतं, अशी गावाची समजूत होती.

त्या घरची सून भागरता. मोठी खमकी बाई! एका वर्षी पावसाने दडी मारली. लोक विहिरीपाशी येऊन तिला वाट्टेल ते बोलले. "येईल गं पाऊस, सोड पाणी!" असं रोज ओरडले. पण आभाळ कोरडं असताना ही पठ्ठी बोटभर पाणी सोडेना. तिने तळं राखलं म्हणून त्या उन्हाळ्यात गुरं जगली, माणसं जगली. तेव्हापासून गावात भागरताचा शब्द म्हणजे शब्द.

पुढे तिला दुसरी मुलगी झाली, आणि नेमकी त्याच महिन्यात तिची आई गेली. बाळंतिणीला माहेरी जाता आलं नाही. आईचं तोंडही दिसलं नाही. भागरताने ते दुःख गिळलं आणि कामाला लागली. झोप तुकड्यातुकड्यांची. जेवण उभ्या उभ्या. महिन्याची पाळी कधी येई, कधी तीन-तीन महिने येत नसे. आणि अंग सुटत गेलं, सुटतच गेलं.

मग तो आश्विन आला. सातवं बूच काढायला ती विहिरीत उतरली आणि सहाव्यापाशी कमरेतच अडकली. खाली जाता येईना, वर येता येईना. ती घाबरली, धडपडली, डोळ्यांपुढे अंधारी आली. नवऱ्याने, मनिरामने, कसंबसं दोराने वर ओढलं. सातवं बूच लांब बांबूने फोडावं लागलं. फुटलेलं बूच परत बसेना, पाणी आवरेना. तीन बांध्यांतलं उभं धान डोळ्यांदेखत आडवं झालं.

"भागरता," पाटील म्हणाले, "पुढच्या आश्विनात जमलं नाही, तर हे काम दुसऱ्या घरी द्यावं लागेल बघ." रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, म्हणून तिला जास्त लागलं.

मग काय, सल्ल्यांना तोटा? एक म्हणाली, दिवसाआड उपास कर. दुसरी म्हणाली, रोज कडुनिंबाचा रस पी. तिसरी म्हणाली, भाताकडे बघूसुद्धा नकोस. धानाच्या गावात राहून भाताकडे बघायचं नाही, अहो, आहे की नाही कमाल! भागरताने तिन्ही सल्ले एकदमच घेतले. पंधरा दिवसांत अंग झरझर उतरलं. महिन्याभरात परत आलं, आणि येताना सोबत पाहुणे घेऊन आलं. तिने पुन्हा उपास धरले. अंग पुन्हा उतरलं, पुन्हा आलं. केस गळायला लागले. धाकटीने दूध सांडलं म्हणून एकदा तिच्यावर हात उगारला आणि मग स्वतःच कोपऱ्यात बसून रडली. "मेल्या शरीरा, किती छळशील?" असं ती स्वतःलाच म्हणायची.

चैत्र लागला. उपासाचा तिसरा दिवस होता. भागरता बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली टेकली. वारा पडला होता. मोहाची फुलं आपसूक गळत होती, टप, टप, आणि त्या गोड वासात तिचे डोळे मिटले.

तिला दिसलं, की ती एका विहिरीत उतरते आहे. विहीर विटांची नव्हती. भिंती उबदार होत्या, आणि आतून कुणीतरी संथ ढोल वाजवावा तसा आवाज येत होता. ही आपल्याच पोटातली विहीर, हे तिला न सांगता कळलं. तळाशी एक बाई बसली होती. सातव्या बुचाला पाठ लावून, पाय समोरच्या भिंतीला रोवून. ओठ फुटलेले, डोळे आभाळाकडे. भागरताने निरखून पाहिलं. ती तीच होती. दुष्काळातली भागरता.

"सर बाजूला," भागरता म्हणाली. "बूच काढायचंय."

"नाही काढणार."

"अगं, तळं तुडुंब भरलंय! त्याचाच तर जाच झालाय मला."

"भरलंय म्हणून तर जीव तगून आहे. तीन दिवस वरून दाणा आलेला नाही. मागच्या महिन्यातही असंच झालं. झोप येत नाही. रोज कुणीतरी रडल्याचं ऐकू येतं. वर दुष्काळ पडलाय, मला कळत नाही होय? दुष्काळात मी बोटभरही सोडत नसते."

"दुष्काळ नाही गं! घरात कणगी भरलेली आहे."

"तोंडाने सांगू नकोस. लोक तेव्हाही सांगायचे, येईल पाऊस, येईल पाऊस. मी आभाळच बघायची."

 भागरताने विचारलं, "मग तुला पटेल तरी कशाने?"

"रोजचं रोज, वेळच्या वेळी येऊ दे. आणि ती जी रडते ना, तिला एकदा कुणाजवळ तरी मोकळं रडू दे. मग मी उठेन. पण माझ्या वेळेने, आणि वरच्या बुचापासून."

जाग आली तेव्हा तिच्या पदरात मोहाची फुलं साचली होती. भागरता आधी हसली. "अगं बाई! ज्या बाईने गाव जगवलं, तिलाच मी शिव्या घालत होते की!" मग तिला भडभडून आलं.

ती तशीच घरी गेली आणि केजाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून आईसाठी रडली. पोटभर रडली. ते स्वप्नही तिने सांगितलं. "दोन वर्षं हे मनात ठेवलंस?" केजाबाई म्हणाली. "मी काय परकी होते गं?" सासूचे डोळेही भरले. मग उठून तिने वरण-भात आणि कमळकाकडीची भाजी वाढली, आणि सून जेवून उठेपर्यंत समोरून हलली नाही. दुसऱ्या दिवशी तिला वैद्यबाईंकडे नेलं. पाळीसाठी औषध सुरू झालं. धाकटीला केजाबाई आपल्याजवळ निजवू लागली. मनिरामने सकाळचं पाणी भरायचं काम अंगावर घेतलं. भागरता तेवढ्यात धुक्यातून बांधाच्या त्या टोकापर्यंत चालून यायची. शिक्षा म्हणून नाही, तिला ते चालणं आवडायचं म्हणून.

पहिला महिना गेला. अंग जसंच्या तसं. "काय गं, भात खाऊन कुणी बारीक होतं का?" शेजारणी हसल्या. भागरता आपली वेळेवर जेवत राहिली. पहिलं बूच काढलं की तळ्याकडे पाहून काही कळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आधी झोप आली, सलग आणि गाढ. मग राग उतरला. धाकटी तिच्या गळ्यात पडून खिदळू लागली. केस गळायचे थांबले. पाळी महिन्याच्या महिन्याला येऊ लागली. ती चालताना गुणगुणायला लागली. एक दिवस दुपारी ती उगाचच हसली आणि आईची आठवण आली तरी हसू टिकलं. अंगावरचं ओझं हललं ते सगळ्यांत शेवटी, आणि तेही बोटाबोटाने.

आश्विन आला. सारं गाव बांधावर. भागरता विहिरीत उतरली. काही शिडशिडीत झाली नव्हती ती, अंगाने भरलेलीच होती. सहाव्या बुचापाशी कमरेला वीट लागली. वर मनिरामने दोर हातात घेतला. पण या खेपेला ती धडपडली नाही. थांबली. श्वास हळू सोडला, जराशी वळली, आणि बोटभर जागेतून अलगद खाली गेली. सातवं बूच तिने दोन्ही हातांनी धरलं आणि हलवत हलवत, सावकाश काढलं. गार पाणी तिच्या पावलांवर आलं.

"भागरता! काय झालं गं?" पाटलांनी वरून हाक दिली.

"काही नाही!" खालून तिचा हसरा आवाज आला. "पाऊस झाला, हे तिला पटलं!"

गावाला काही कळलं नाही. केजाबाईने मात्र पदर डोळ्यांना लावला. पाणी धानाकडे निघालं होतं.

तात्पर्य: उपाशी आणि धास्तावलेलं शरीर जे आहे ते घट्ट धरून ठेवतं, त्याला वेळेवर अन्न, पुरती झोप आणि मोकळं मन मिळालं, की ते आपलं ओझं आपल्या वेळेने खाली ठेवतं.