देव्हाऱ्यातला गुण्या

फार जुनी गोष्ट आहे. राजांची नावं तेव्हा कुणी लक्षात ठेवत नसे आणि गावं आपापल्या तळ्यांवरून ओळखली जात. अशाच एका तळ्याखाली सुतारांचं एक गाव होतं.

वर तळं, खाली शेतं आणि मधल्या बांधात पाणी अडवणारं एक लाकडी दार. त्या दारावर सगळ्या गावाचं पोट होतं.

एका वर्षी जुनं दार कुजलं. सुतारांनी नवं केलं, पण फळ्यांची टोकं चौकटीला नीट टेकेनात. फटींतून पाणी निसटू लागलं. त्यांनी पुन्हा दुसरं दार केलं. तेही गळलं. उन्हाळा तोंडावर आला होता. तळ्याच्या काठाला चिखल उघडा पडला आणि खालच्या वाडीतली माणसं बोचकी बांधायच्या गोष्टी बोलू लागली.

सुतारांची बैठक बसली. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकमतानं ठरवलं, की दोष करवतीचा आहे. गावात करवतीवर सर्वांत चांगला हात मुख्य सुताराच्या नातीचा होता. म्हणून नवी करवत आणायला तिलाच राजधानीच्या बाजारात पाठवायचं ठरलं.

"निवडून आण," आजोबा म्हणाले, "आणि तिथे तोंड जरा आवर. घरात चालतं ते बाजारात चालत नाही."

"घरात तरी कुठे चालतं, आबा?" असं म्हणून नात निघाली.

बाजारात करवतींची रास लागली होती. दुकानदारानं एक उचलून पुढे धरली. "ही घ्या ताई. मूठ बघा, मोराची नक्षी आहे!"

"मोर लाकूड कापणार आहे का? दात दाखवा."

दुकानदार हसला आणि त्यानं कोपऱ्यातली एक साधी करवत काढली. मग एका फळीच्या कडेला आपला गुण्या लावला. गुण्या म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या. एक फळीच्या कडेला टेकवायची आणि दुसरीच्या आधारानं आडवी रेघ मारायची. त्यानं रेघ मारली, नातीनं त्या रेघेवर फळी कापली. कापलेला तुकडा फरशीवर उभा केला, तर तो कुठेही न झुकता ताठ राहिला. नातीनं तीच करवत घेतली.

गावात परतल्यावर आजोबांनी देव्हाऱ्यातून गावाचा गुण्या काढला. तो शिसवी लाकडाचा होता, काळाभोर आणि चकचकीत. पहिल्या पूर्वजानं तो घडवला, असं सांगत. गावातला प्रत्येक सुतार आपला गुण्या त्याच्याशी जुळवून घेई. आजोबांनी तो कपाळाला लावला, फळीवर रेघ मारली आणि नातीनं नवी करवत चालवली.

फळी चौकटीत बसवली. एका कोपऱ्यातून उजेड आत आला.

"घ्या!" एक म्हातारा म्हणाला. "पोरीला बाजारात टोपी घातली."

"काका, जवळ येऊन बघा," नात म्हणाली. "करवत रेघेवरून केसभर तरी ढळली आहे का? ती सांगितल्या वाटेनं गेली. वाटच तिरकी आहे."

सगळे एकदम ओरडू लागले.

"गुण्याला खोटं ठरवतेस?"

"पूर्वजांना अक्कल नव्हती आणि तुला आली?"

"गावातले सगळे गुण्ये त्याच्याशी जुळतात. मग ते सगळेच चुकले?"

"जुळतात, कारण त्याच्याच मापाने केलेत," नात म्हणाली. "एकमेकांशी जुळलं म्हणजे खरं झालं का?"

तिनं एक फळी घेतली, रंधा मारून तिची कड सरळ केली आणि गुण्या लावून रेघ मारली. मग गुण्या उलटा करून त्याच कडेला, त्याच खुणेवर ठेवला आणि पुन्हा रेघ मारली. गुण्या खरा असता, तर दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या असत्या. पण त्या खुणेपासून निघाल्या आणि कावळ्यानं चोच उघडावी तशा फाकल्या.

"तुझा हात हलला," आजोबा म्हणाले.

"मग तुम्ही मारा."

आजोबांनी मारली. त्यांचा हात आयुष्यात कधी हलला नव्हता, तसा तेव्हाही हलला नाही. रेघा तशाच फाकल्या.

आजोबांनी गुण्याच्या कडेवरून टोकापर्यंत अंगठा फिरवला. मग ते हलकेच म्हणाले, "खंडेनवमी."

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा होई, आणि मुख्य सुताराच्या घरातला वडीलधारा या गुण्याला नदीची वाळू लावून चमकेपर्यंत घासे. घासताना प्रत्येकाचा जोर टोकाकडे जाई. पिढ्यान् पिढ्या टोक झिजत गेलं. पूर्वजानं केलेला गुण्या खराच होता. त्याला वाकडं केलं ते पूजेनं.

"मीही घासलाय," आजोबा म्हणाले. "सर्वांत जास्त मीच घासलाय."

नातीच्या जिभेवर एक तिखट उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "आबा, नवा गुण्या तुम्ही करा. तुमच्याइतका स्थिर हात कुणाचा नाही. मी उलटून बघते."

आजोबांनी नवा गुण्या केला. नातीनं तो उलटून पाहिला आणि दोनदा परत दिला. तिसऱ्या वेळी दोन रेघांची एकच रेघ झाली. मग त्याच गुण्यानं खुणा करून, गावातल्या जुन्याच करवतींनी फळ्या कापल्या. दार बसलं. लोक बांधाखाली उतरून फळ्यांना हात लावून पाहू लागले. हात कोरडे राहिले. खालच्या वाडीतलं कुणीही गाव सोडून गेलं नाही.

गावकरी नव्या गुण्याला कुंकू लावायला निघाले, तेव्हा आजोबाच आडवे आले. "हा देव्हाऱ्यात जाणार नाही. कामाच्या फळीवरच राहील."

त्या दिवसापासून त्या गावात नवी रीत पडली. काम सुरू करण्याआधी अगदी नवशिक्यानंही थोरल्याचा गुण्या उलटून पाहायचा, आणि थोरल्यानं त्याचा राग धरायचा नाही.

बोध: ज्याला मान द्यायचा, त्यालाही पारखून घ्यावं, खऱ्याला पारखल्यानं उणेपणा येत नाही, आणि न पारखता पूजलं तर खरंही वाकडं होतं.