लाकडी आंब्याचं नाव

“मग आंब्याला आंबा म्हणायला लागायची तरी कधी ही, आप्पय्या?”

बाळकू कातारी मठाच्या पायरीवर बसला होता. लाकूड कातून खेळणी करणारा माणूस. मांडीवर दोन-अडीच वर्षांची नीलव्वा, शेजारी खेळण्यांचं गाठोडं.

पोर त्याच्या मेव्हणीची. मेव्हणी दिली होती पलीकडं, कानडी मुलखात. ती आणि तिचा नवरा दोघंही तापानं गेले, तेव्हा बाळकूनं पोरीला उचलून घरी आणलं. त्याला स्वतःचं मूल नव्हतं.

तिकडं ती बोलायची म्हणतात. इकडं आली आणि गप्प झाली.

“उद्या तिचा चुलता येतोय,” बाळकू म्हणाला. “म्हणतोय, तुमच्यात येऊन पोर मुकी झाली. बोलली तर ठेवा, न्हाईतर मी नेतो.”

मठातले म्हातारे स्वामी, आप्पय्या, डोळे मिटून ऐकत होते.

“तू काय केलंस?”

विचारायचाच अवकाश होता. बाळकूनं गाठोडं सोडलं. लाखेनं रंगवलेला पोपट मांडला, आंबा मांडला, बैल, पाळणा, जातं... त्याच्या हाताला पंचक्रोशीत तोड नव्हती, आणि हे सगळ्यांत जास्त त्यालाच ठाऊक होतं.

“रोज असं मांडतो. हा पोपट, हा आंबा. म्हण, आंबा. हात मात्र लावू देत न्हाई, रंग जातो. माझी खेळणी बघून गावची पोरं नावं शिकली, आणि घरचीच...”

“आणि घरात काय बोलता तिच्याशी?”

“मी काय बोलणार? बायकोचं आपलं चालू असतंय दिवसभर. ये, बस, खा, पडशील. त्याला काय शिकवणं म्हणायचं?”

आप्पय्या गालात हसले.

“लई मुलूख हिंडलोय मी, बाळकू. कुठं पोरं आधी जिनसांची नावं घेतात. कुठं आधी ये म्हणतात, दे म्हणतात. आई जशी बोलंल तसं.”

“मग ही कुठल्यातली?”

हात लांब करून आप्पय्यांनी आंबा उचलला, नीलव्वाच्या डोळ्यांपुढं धरला... आणि पायरीवरून सोडून दिला.

ठक... ठक... ठक.

“रंग, आप्पय्या, रंग...” बाळकू अर्धा उठला. आप्पय्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आंबा घरंगळत गेला आणि पिंपळाच्या मुळाशी थांबला. नीलव्वा मांडीवरून पुढं वाकली. बराच वेळ बघत राहिली.

“पडला,” ती म्हणाली.

बाळकू जागच्या जागी थिजला.

पोरीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. खाली बोट केलं.

“आण.”

त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तरी खोड जाईना.

“काय आणू, बाळा? नाव घे की त्याचं. आं... बा. म्हण, आंबा.”

नीलव्वानं त्याची बाही ओढली.

“आण.”

“बोलली, आप्पय्या. पण नाव न्हाई घेतलं अजून. उद्या चुलत्यानं आंबा पुढं धरला, विचारलं हे काय, तर...”

“बाळकू.”

“जी.”

“ती थांबलीय. आधी आणून तर दे.”