क्षणाला दोनच पोती

फार वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या संगणकात कर्नलबाई ही गाभ्यात बसून सगळ्या प्रोग्रामांच्या पाळ्या लावणारी नवी कारभारीण दूरदेशी शिकून आली. डिस्कपाशी सगळे गुण्यागोविंदाने काम करत असतील, असं तिला वाटलं होतं. पाहते तो थोरला बॅकअप माहितीची पोत्यामागून पोती ओतत होता आणि चिमुकली नाडीनोंद मागे ताटकळली होती.

"दादा, एकच ओळ लिहू द्या! त्याशिवाय नर्सची घंटा वाजत नाही. खाटेवरच्या आजोबांची नाडी बुडतेय."

"थांब गं टिकले, मी आधी आलोय."

आधी आला त्याचं आधी, हाच न्याय शिकलेल्या कर्नलबाईने बॅकअपलाच पुढे ओतू दिलं. घंटा वाजली तेव्हा आजोबा गेले होते.

दुसऱ्या सकाळी बॅकअप आला, तशी ती दारात आडवी उभी राहिली.

"आजपासून क्षणाला दोनच पोती. मग बाजूला व्हायचं."

"आणि माझं काम संपायचं कधी?"

"उशिरा," ती म्हणाली.