खारबर्डीचं अळणी ताट

पूर्णेच्या खोऱ्यातून खारबर्डीकडे जाणारी वाट शेवटी शेवटी पांढरी होत जाते. नवख्या माणसाला वाटतं, कुणाच्या गाडीतून कापूस सांडला असावा. जवळ गेल्यावर कळतं, जमिनीवरच मीठ फुलून आलं आहे. त्याच्या पलीकडे जुन्या मिठाच्या विहिरी आहेत. बऱ्याच बुजल्या, काहींत बाभळी उगवल्या, एखाददुसरी अजून जिवंत आहे आणि तिच्या तळाशी काळपट पाणी दिसतं. समुद्र इथून किती कोस लांब, ते मोजायलाही कुणी गेलं नाही. तरी एके काळी आसपासचा सगळा मुलूख या गावचं मीठ खात होता. मोटेने खारं पाणी उपसायचं, उथळ वाफ्यांत सोडायचं, उन्हाने पाणी आटलं की तळाचं मीठ खरवडून घ्यायचं, असा तो धंदा. पुढे रेल्वेने समुद्राचं मीठ आलं आणि वाफे ओस पडले.

हल्ली शहरातून माणसं या विहिरी पाहायला येतात. त्यांना हिंडवून आणतात ते गावातले जानराव आबा. विहिरींबद्दल ते फारसं बोलत नाहीत. "हे हीर, हे बी हीर," एवढ्यावर काम भागवतात. दुपारी मात्र सगळ्यांना आपल्या घरी जेवायला नेतात आणि पहिल्याच घासाला पाहुणे एकमेकांकडे पाहू लागतात. वरण अळणी, भाजी अळणी, भाकरीही अळणी. मीठ असतं, पण ताटाबाहेर, पळसाच्या पानावर. कुणीतरी थट्टेने म्हणतंच, "आबा, मिठाच्या गावात सूनबाई मीठच विसरल्या की!"

आबा हसत नाहीत. "इसरली नाई बाप्पा. पाहुन्याच्या अन्नात आमी मीठ टाकत नसतो. घ्याचं असन त आपल्या हातानं घ्या. नसन घ्याचं त नका घेऊ."

आणि मग जेवण होईपर्यंत ते गोजराबाईची हकिकत सांगतात. ती ऐकताना घेतलेल्या घासाला चव लागत नाही, असं पाहुणे नंतर म्हणतात. पण ताटावरून उठून जाता येत नाही.

पेंढाऱ्यांचा काळ होता, असं सांगतात. मुलुखात राजा कोण हे लोकांना धड ठाऊक नव्हतं, पण पेंढारी कुठवर आले हे रोज ठाऊक असे. गावं जळत, धान्याची पेवं फुटत, तरण्या पोरी घोड्यावर टाकून नेत. गोजराची थोरली मुलगी मंजुळा अशीच गेली होती. वाफ्यात मीठ खरवडत असताना घोडे आले, आणि गोजरा धावत पोचली तेव्हा खरवडणी तेवढी पडलेली होती. त्यानंतर गोजराला हसताना कुणी पाहिलं नाही. धाकटी पुतळी तेवढी उरली होती. तिला ती नजरेआड होऊ देत नसे, पाण्यालाही एकटी पाठवत नसे.

एका उन्हाळ्यात गावातले सगळे बाप्ये मिठाची पोती बैलांवर लादून लांबच्या बाजाराला गेले होते. गावात बायका, पोरं आणि काठी टेकत चालणारे म्हातारे. अशा दिवशी, ऊन तापलेलं असताना, एक घोडेस्वार गोजराच्या दारात उतरला. पोरसवदा होता. गाल बसलेले, ओठ फाटलेले. नाव लिंबा, डोंगराखालच्या गावचा, घोडं विकायला निघालोय, असं त्यानं सांगितलं. पाणी मागितलं. गोजराने लांबच्या झऱ्यावरून आणलेलं गोडं पाणी दिलं. तो घटाघटा प्यायला आणि पितापिता त्याचे डोळे घरभर फिरून आले.

"गडीमानसं कोठी गेले, मावशे?"

"इथंच हायेत वाफ्यावर," गोजरा म्हणाली. पुतळी आत दळत होती. जात्याचा आवाज थांबला.

दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, ही तर रीतच. गोजराने भाकरी थापायला घेतली. तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "मावशे, माह्यं अळणी व्रत हाये. मिठाचं काई नको. गुळाचा खडा असन त दे."

गोजराचा हात परातीतच राहिला. अळणी व्रत बायका करतात, म्हातारे करतात. घोडं विकायला निघालेला, भुकेने डोळे खोल गेलेला जवान पोरगा भर उन्हाळ्यात अळणी व्रत कशाला करील? आणि मिठाचं गाव म्हटल्यावर मिठाचे कायदे तिथल्या बायकांना पाठ असणारच. पेंढाऱ्यांना देवाधर्माचं फारसं सोयरसुतक नव्हतं, पण मीठ ते मानत. लुटीची वाटणीसुद्धा म्हणे मिठावर हात ठेवून होई. ज्या गावावर धाड घालायची, तिथे टेहळणीला गेलेला माणूस त्या गावचं मीठ खात नसे. खाल्लं तर त्या गावाशी बेइमानी करता येत नाही.

म्हणजे हा टेहळ्या होता. संध्याकाळपर्यंत बाकीचे येणार होते. गावात बाप्या नाही, पळायला बैल नाही, आणि आत पुतळी.

गोजराने काय काय विचार केला असेल, ते आबा सांगत नाहीत. तिने परात बाजूला सारली आणि म्हणाली, "बरं बापू. व्रताले चालन अशी गुळाची लापशी करतो." तिने गव्हाचा रवा भाजला, गूळ टाकला, तुपाची धार सोडली. वास घरभर सुटला. पोरगा चुलीपाशी सरकून बसला आणि लहान पोरासारखा पातेल्यात पाहत राहिला. गोड पदार्थात चिमूटभर मीठ टाकलं की गोडी वाढते आणि मीठ कळत नाही, हे कुठल्याही सुगरणीला माहीत असतं. पातेलं उतरवताना तिने ती चिमूट टाकली.

तो जेवला. ताट पुसून जेवला. पुन्हा वाढलं, तेही संपवलं.

"गोड लागली काय?" गोजराने विचारलं.

"लय गोड, मावशे. माह्या मायची आठोन झाली."

"गोड लागावं म्हून आमी चिमटीभर मीठ टाकत असतो," गोजरा म्हणाली.

पोरगा हसतच होता, ते हसू तोंडावर तसंच राहिलं. मग तो उठला, परसात गेला, घशात बोटं घालून ओकायला लागला. पण कैक दिवस उपाशी असलेलं पोट ते. हाती आलेलं अन्न त्या पोटाने सोडलं नाही. तो परत आला तेव्हा डोळे लाल झाले होते. गोजरा दारात पाय रोवून उभी होती. आता हा आपल्याला मारील, असं तिला वाटलं होतं म्हणे.

त्याने फक्त एवढंच म्हटलं, "तुनं मले इचारलं नाई, मावशे."

"इचारलं असतं त खाल्लं असतं काय तुनं?"

"माईत नाई," तो म्हणाला. "आता कसं माईत होईन?"

घोड्यावर बसून तो आला त्या वाटेने गेला.

संध्याकाळ झाली. बायका पोरांना घेऊन मिठाच्या विहिरींच्या आडोशाला लपल्या. पुतळीला गोजराने आपल्या लुगड्याखाली धरून ठेवलं होतं. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. लिंबाने टोळीत जाऊन सांगितलं होतं, गावात पटकी पसरली आहे, घरोघर मढी पडलीत, तिकडे पाऊल टाकू नका. पटकीपुढे पेंढारीही भितात. टोळी वळसा घालून निघून गेली.

बाप्ये परतले तेव्हा गावाला केवढा आनंद! गोजराची ओटी भरली, चावडीवर नेऊन तिला मानाने बसवलं. "बाईनं चिमटीत गाव वाचवलं," असं जो तो म्हणू लागला. गोजराही ती गोष्ट रंगवून सांगायची. पोरगा कसा पातेल्यात पाहत होता, कसा परसात ओकत होता, हे सांगताना ती हसायची. मंजुळा गेल्यापासून पहिल्यांदाच हसत होती, म्हणून ऐकणारेही हसायचे. यात तिचं काय चुकलं, असं आजही कुणी पाहुणा आबांना विचारतो. तुम्हीच सांगा, आबा म्हणतात.

पुढच्या उन्हाळ्यात, पुन्हा अशाच दुपारी, एक म्हातारी गावात आली. अनवाणी होती, पाय धुळीने भरले होते. गोजरा कुठे राहते विचारत ती दारापर्यंत आली आणि ओसरीवर टेकली. थकलेली दिसली म्हणून गोजराने नाव-गाव न विचारताच ताट वाढून आणलं.

"मीठ हाये काय ह्याच्यात?" म्हातारीने विचारलं.

"हाये तर. मिठाचं गाव आमचं."

म्हातारीने ताट हाताच्या पाठीने मागे सारलं. "मी लिंबाची माय," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. टोळीचा नाईक दुसरा कुणी नव्हता, तिचाच थोरला मुलगा होता. दुष्काळात दोघं भाऊ घर सोडून टोळीत गेले होते. खारबर्डीत पटकी नव्हती, हे काही महिन्यांनी बाजारात मीठ विकणाऱ्यांच्या तोंडूनच टोळीला कळलं. ते लोक चिमटीची गोष्ट रंगवून सांगत होते. टेहळ्याने खोटं सांगितलं तर मरण ही एकच शिक्षा होती, आणि ती नाईकाने आपल्या हाताने द्यायची असे. नाईकाने भावाला सोडलं असतं तर टोळीने दोघांनाही ठेवलं नसतं. लिंबाने एका शब्दानेही रदबदली केली नाही. थोरला घरी आला, आईला सगळं सांगितलं, उंबऱ्यावर डोकं आपटून घेतलं आणि निघून गेला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

गोजराच्या तोंडचं पाणी पळालं. पण तिचंही काळीज जळलेलं होतं. ती म्हणाली, "बाई, माही मंजुळा नेली तुह्या पोरांच्या जातभाईंनी. ह्या पोरीले बी नेलं असतं. मी काय करू मंग? हात बांधून उभी राहू काय?"

"माह्ये पोरं चोर होते," म्हातारी म्हणाली. "मी कोठी नाई म्हनतो? तुनं त्याले कुऱ्हाडीनं मारलं असतं त मी घरी बसून रडली असती. तुह्या दारी आली नसती. पन तुनं त्याले जेवाले वाढलं ना, बाई. त्याले वाटलं, मायच्या हातचं खाऊन राहिलो."

गोजराने मागे सारलेलं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"मी त्याले दूध पाजलं, तुनं मीठ चारलं," म्हातारी म्हणाली. "तुह्या मिठाले तो जागला. माह्याकडं यायले उरला नाई."

ऊन उतरत चाललं होतं. वाटेवरून कुणीतरी मोटेचे बैल हाकत गेलं. म्हातारी डोंगराखालून चालत आली होती आणि तिला तेवढंच परत चालायचं होतं. गोजरा उठली, आत गेली. नवी परात घेतली, नवं पीठ मळलं, अळणी भाकरी भाजली, अळणी वरण शिजवलं. पुतळी मदतीला आली तर तिला बाजूला केलं. ताट ओसरीवर आणलं, आणि पळसाच्या पानावर मीठ ताटापासून हातभर लांब ठेवलं.

"मीठ घेता काय?" तिने विचारलं. त्या गावात कुणी कुणाला असं विचारल्याचं ते पहिलंच. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा विचारावं लागलं.

म्हातारीने पानाकडे पाहिलं, गोजराकडे पाहिलं. अळणी भाकरी अळणी वरणात कुस्करून तिने हळूहळू सगळी खाल्ली, पाणी प्यायली, ताटाला हात जोडले आणि उठली. मिठाचा कणही तिने घेतला नाही. गोजरा वाटेपर्यंत मागे गेली, पण म्हातारीने वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून गोजराने मीठ सोडलं, असं सांगतात. बाकीचं आयुष्य तिने वाफ्यातच काढलं, पायांना मिठाने चिरा पडेपर्यंत मीठ खरवडलं, पण जिभेवर ठेवलं नाही. चिमटीची गोष्ट तिने पुन्हा कधी हसत सांगितली नाही. पुतळीचं लग्न गावातच झालं. जावयाला पहिलं जेवण वाढताना गोजराने पळसाचं पान वेगळं मांडलं आणि विचारलं, तेव्हा वऱ्हाडी चकित झाले. गावाने मात्र ती रीत उचलली. कुणी सक्ती केली नाही. लाज ज्याची त्याला होती.

आजही खारबर्डीत पाहुण्याच्या अन्नात मीठ पडत नाही. मीठ घेता का, हे त्याला एकदाच विचारतात, आणि एरवी जेवताना भाकरीवर भाकरी लादणारी ही माणसं मिठाचा आग्रह कधी करत नाहीत. पाहुण्याने आपल्या हाताने चिमूट घेतली की घरच्यांना बरं वाटतं. पण एखाद्याने पान बाजूला सारलं, तरी घरची बाई रागावत नाही. जानराव आबांची सून म्हणते, तिला तर त्या पाहुण्याकडे पाहून जरा हलकंच वाटतं. याच्यावर आपल्या मिठाचं ऋण नाही, हा आपल्या आईकडे परत जाईल.