मागचं तोंड

त्या टेकडीत साळिंदरांच्या प्रत्येक बिळाला दोन तोंडं असत. पुढचं सगळ्यांना ठाऊक असे. मागचं आतून मातीच्या पातळ थराने झाकलेलं, आणि ते कुठे आहे हे फक्त घरातल्या सर्वांत वडील साळिंदराला माहीत. वडिलांनी शेवटच्या घटकेला मर्जीतल्या लेकराच्या कानात ते सांगायचं, अशी रीत होती. त्याआधी कुणी विचारलं, तर तो मरणावर टपलाय असं समजत. शेवटची घटका सांगूनसवरून येते, यावर त्या टेकडीचा फार विश्वास होता.

गजरी म्हातारीला तीन लेकरं. गोंदा, भिवा आणि धाकटी झिपरी. हातीपायी धड होती तेव्हा एकदा कंद चघळता चघळता गजरी म्हणाली, “पोरांनो, मागच्या तोंडाचं सांगून ठेवते. आणि उद्या मी अंथरूण धरलं तर माझं कोण बघणार, तेही ठरवा.”

“आई, असलं अभद्र बोलू नकोस!” गोंदा दचकून म्हणाला. “तुला काय झालंय?”

“तू आम्हा सगळ्यांना पोचवून जाशील,” भिवाने हसण्यावारी नेलं.

झिपरीला ऐकायचं होतं. फार ऐकायचं होतं. पण तोंड उघडलं असतं तर भाऊ म्हणाले असते, हिचा बिळावर डोळा आहे. ती कंद सोलत राहिली. विषय टळला म्हणून भावांना हायसं वाटलं.

पुढे गजरीचं एक अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. आता कोण बघणार, हे कुणी ठरवलं नव्हतं. म्हणजे बघायचं ते झिपरीनेच, हे आपोआप ठरलं. भाऊ येत, काटे सळसळवत, “आईला जप हो” असं बजावत आणि आपापल्या दालनात निजायला जात. झिपरीला राग येई, मग रागाचीच लाज वाटे.

म्हातारीने मात्र एक खूळ घेतलं. फरपटत ती एका कोपऱ्यात जाई आणि धडक्या पंजाने भिंत उकरत बसे. तिथून गार वाऱ्याची झुळूक येई. किती वेळा तिला उचलून आणलं, पण ती ऐकेना. शेवटी तिचं अंथरूणच तिथे घातलं.

“वाऱ्याने आजार बळावेल,” गोंदा म्हणाला. तिघांत त्या एका गोष्टीवर एकमत झालं. गोंदाने खडी आणली, भिवाने चिकणमाती, आणि झिपरीने मायेने ती भिंत हातभर जाड लिंपली. म्हातारी तिच्याकडे टक लावून बघत राहिली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, तेव्हा झिपरीला वाटलं, आईला बरं वाटलं.

मग एका दुपारी, सगळे आत निजलेले असताना, टेकडीचा पुढचा कडा खचला. पुढचं तोंड बुजलं आणि बिळात डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा काळोख झाला.

“मागचं तोंड कुठाय?” भिवा ओरडला.

“झिपरीला विचार! सेवा काय फुकट केली हिने? आईने कधीच सांगितलं असेल!” गोंदा म्हणाला.

“देवाशपथ नाही रे दादा! वाचा तरी होती का तिला?”

दोघांनी ऐकलं नाही. मीच आधी वाट काढणार म्हणून दोघे एकाच अरुंद भुयारात घुसले, अंगावरचे काटे फुलवून भांडले आणि एकमेकांच्या काट्यांत अडकून तिथेच बसले. त्यांना पुढे जाता येईना, मागेही येता येईना. हवा जड होऊ लागली. लहानपणी जायची तशी झिपरी चाचपडत आईकडे गेली.

काळोखात खरखर ऐकू येत होती. म्हातारी उकरत होती. झिपरीने तिचा पंजा हातात धरला. त्याची नखं मुळापर्यंत झिजली होती. तो पंजा सुटला आणि पुन्हा त्याच जागी गेला.

झिपरीने तिथे आपला पंजा टेकवला. भिंत दगडासारखी वाळली होती. तिच्यावर लिंपणाऱ्या पंजाचे ठसे उमटलेले होते, आणि झिपरीचा पंजा त्यांतल्या प्रत्येकात नेमका बसत होता.