मंत्र्यांचं हवाई अंतर

बांधकाममंत्री भैरवगडाहून हेलिकॉप्टरने निघाले, सोनवळच्या मैदानात उतरले आणि माईकवर गरजले, "दोन शहरांत अंतर ते केवढं? चहा संपायच्या आत पोचलो! मग रस्त्याची रडगाणी कशाला?"

नगराध्यक्षा सगुणाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांची सून भैरवगडच्या इस्पितळात नेताना घाटातच बाळंत झाली होती. त्या उठल्या.

"साहेब, आमचं गाऱ्हाणंही तुमच्या एका कानातून शिरतं आणि लगेच दुसऱ्यातून बाहेर पडतं. मध्ये काही आडवं नसलं, की अंतर कमीच! आमच्या वाटेत मात्र डोंगर आहे."

मैदानात हशा पिकला. मंत्री चिडले. "मोटारीनेच परत जातो, बघा!"

गेले. नव्या रस्त्याचा हुकूम त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोडला. पलंगावर पालथे पडून, कंबर शेकत.